बंद म्हणजे नक्की काय?

मागच्या शनिवारी गावी, शेलूबाजारला गेलो होतो. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून गाव जरा जवळ आल्यासारखं वाटतं. काकांचं तिथं सेवा केंद्र आहे. झेरॉक्स, सातबारा, फॉर्म भरणं, आणि आधारचा अंगठा लावून खात्यातले पैसे काढून देणं.

मी पोचलो तेव्हा एक म्हाताऱ्या आजी हिरमुसून परत निघाल्या होत्या. निराधारचे पैसे काढायला आठवड्यात दुसऱ्यांदा आल्या होत्या. मशीन अंगठाच घेईना. "निंदू निंदू अंगठा घासला असन माहा," म्हणत त्या अंगठा पदराला पुसत होत्या. आता कष्ट करणाऱ्या हातांचे ठसे पुसट होतात हे खरंच आहे, त्यामुळं कुणाला शंकाही आली नाही.

मी स्क्रीनवर पाहिलं. अंगठ्याचा प्रश्नच नव्हता. यूएसबीला लावलेलं ते मशीनच कॉम्प्युटरला दिसत नव्हतं!

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नाही. परत केला. तरी नाही. मग लक्षात आलं, कॉम्प्युटर बंद असतानाही खाली माउसचा लाल दिवा आरामात जळतोय.

"काहून रे बाबू, बंद केल्यावरही हा जळते कसा?" काकांनी विचारलं. "आधी मी रात्री बोर्डाचं बटण बंद करत जाओ. दिवाळीत तूच त सांगतलं, काका, त्याची गरज नाही म्हणून."

सांगितलं होतं खरं. इंजिनिअर ना मी!

तर मंडळी, हा 'बंद' शब्दाचा अर्थ कधी बदलला त्याची ही गोष्ट.

काकांनी २००४ च्या सुमारास पहिला कॉम्प्युटर घेतला, तोही सेकंडहँड. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. शटडाउन केलं की काळ्या पडद्यावर केशरी अक्षरं यायची, आता बंद करायला हरकत नाही अशा अर्थाची. मग पुढचं बटण दाबायचं, खट्ट! ते बटण दिव्याच्या बटणासारखंच खरंखुरं होतं. घरातली २३० व्होल्टची वीज जाड वायरनं थेट त्या बटणापर्यंत यायची आणि तिथंच तुटायची. १९८४ च्या आयबीएम एटीवरून ज्या पद्धतीला एटी नाव पडलं, ती ही पद्धत. बंद म्हणजे बंद.

१९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाची नवी रचना आणली. तिच्यात समोरचं बटण वीज तोडत नाही, ते मदरबोर्डला नुसती विनंती करतं. पण विनंती ऐकायला कुणीतरी जागं हवं ना? म्हणून पॉवर सप्लायमधून एक जांभळी वायर ५ व्होल्ट घेऊन कायम जिवंत राहते. वर्षभरानं, डिसेंबर १९९६ मध्ये, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबानं एसीपीआय हे नियम ठरवले. त्यात आपल्या शटडाउनला एस५ म्हणतात, म्हणजे 'सॉफ्ट ऑफ'. थोडक्यात, वरवरचं बंद.

त्याच वर्षी, जानेवारी १९९६ मध्ये, यूएसबीची पहिली आवृत्ती आली. तिच्यामागचं मोठं नाव अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. तिथल्या अभियांत्रिकी शाखेचं मूळ सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात आहे, म्हणजे धागा आपल्याकडंही येतोच :) यूएसबीची गंमत अशी की एकाच केबलमधून माहितीही जाते आणि ५ व्होल्ट वीजही. पुढं कीबोर्डच्या एका बटणानं कॉम्प्युटर जागा व्हावा म्हणून बऱ्याच मदरबोर्डांनी ती जांभळी वायर यूएसबीलाही जोडली. म्हणून माउस रात्रभर जळतो. आणि म्हणूनच अडकलेलं अंगठ्याचं मशीन शटडाउन केलं तरी अडकलेलंच राहतं, त्याची वीज कधी जातच नाही. त्यात २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. शटडाउन करताना विंडोज आपला काही भाग आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तेच पुन्हा उचलतं. कालचं दुखणं आजही तसंच!

मग हे आधी का नाही झालं? इथं मला आमचं भारनियमन आठवलं. २००५ मध्ये वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण झालं, त्या सुमाराची चार-पाच वर्षं आठवा. गावात लाइट येणं हीच बातमी असायची. आम्ही शिव्या द्यायचो, पण कॉम्प्युटरसकट सगळ्या यंत्रांना रोज एकदा पूर्ण बंद व्हायला मिळायचं. २०१२ नंतर भारनियमन कमी होत गेलं, काकांकडं इन्व्हर्टर आला. तरी काकांची बोर्डाचं बटण बंद करायची सवय टिकली होती. ती मी सोडवली...

युरोपनं हा प्रश्न वीजबिलाच्या बाजूनं पाहिला. २०१० पासून बंद यंत्रानं १ वॅटपेक्षा जास्त खाऊ नये, २०१३ पासून अर्ध्या वॅटपेक्षा, असा नियम केला. त्यामुळं बऱ्याच मदरबोर्डांच्या बायोसमध्ये 'ईआरपी' नावाची सोय आली. ती चालू केली की शटडाउननंतर यूएसबीची वीज सहसा तुटते.

काकांकडं मी तेच केलं. ईआरपी चालू, फास्ट स्टार्टअप बंद. मग बोर्डाचं बटण बंद करून, कॉम्प्युटरचं बटण दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीजही काढून टाकली. चालू केल्यावर मशीन लगेच दिसलं.

रविवारी काकांनी आजींना निरोप पाठवला. पहिल्याच वेळी अंगठा लागला, पैसे निघाले. काका म्हणाले, "आजी, अंगठा चांगला आहे तुमचा. मशीनच झोपलं नव्हतं." आजींनी पैसे दोनदा मोजले, कमरेला खोचले आणि गेल्या. त्यांना एटीएक्सशी काय देणंघेणं!

मला मात्र चुटपुट लागून राहिली. बिघाड यंत्राचा, सल्ला माझा, आणि दोष आला तो त्यांच्या अंगठ्यावर.

असो. रात्री दुकान बंद करताना काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, करा बंद बोर्डाचं बटण. खट्ट!