झील धरणारी माणसे

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत गाण्याबद्दल काहीतरी लिहा, असा कमिटीचा निरोप आला. आम्ही गायक नव्हे. गिरणीतला माणूस, आयुष्यभर नुसती झील धरली. तेव्हा झीलकऱ्यांचाच इतिहास सांगतो. मुख्य गायकांचा सांगणारे पुष्कळ आहेत.

१८७३ साली महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. त्या चळवळीतून पुढे जलसे निघाले. १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, आणि त्या काळात नाशिककडचे भीमराव कर्डक व त्यांची मंडळी बाबासाहेबांचा विचार जलशातून सांगू लागली. बाज तमाशाचाच, ढोलकी तीच. पण गवळणीतल्या कृष्णाच्या जागी शाळा, पाणवठा, सावकार हे विषय आले. आपल्या लोकांना अक्षर ओळखता येत नव्हते. छापलेले वाचणार कोण? गाणे मात्र एकदा झील धरली की तोंडात बसते, आणि घरी जाऊन बायकापोरांनाही सांगता येते.

वामनदादा कर्डकांचेच बघा. १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, शाळा नाही. मुंबईत आल्यावर मोठेपणी अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचून सराव केला, आणि मग हजारो गाणी लिहिली. २००४ ला ते गेले.

आता चाळीचे. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, माणसे दहा-बारा. पुरुषमाणूस गॅलरीतच. दुसऱ्या पाळीवरून आलेला गडी जेवून बाहेर बसला, कोणी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला, की झाली पार्टी सुरू! निमंत्रण नाही, बिदागी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जुन्या भजनी म्हाताऱ्यांची पंचाईत झाली होती म्हणतात. देव सोडले, पण टाळ धरलेल्या हाताने करायचे काय? मग चाल जुनीच ठेवून शब्द बुद्ध-भीमाचे घातले. सिनेमाच्या चालीही सोडल्या नाहीत. आवाज बेसूर असला तरी चालायचे. दहाजणांत एकाचा बेसूर कळतो कोणाला?

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आम्ही तेव्हा शाळकरी, वडील संपात. महिने गेले तशी उसनवारी वाढली आणि माणसे एकमेकांना चुकवू लागली. समोरून येणारा पैसे मागेल, नाहीतर आपल्याला मागावे लागतील. वडील तर दार लोटूनच बसत. पण रात्री ढोलकी वाजली की दार उघडायचे. गाण्यात कोणाला चहा पाजावा लागत नाही, तोंड चुकवावे लागत नाही. गाणे संपले की जिन्याजवळ एक परात असे. ज्याला जमेल त्याने मूठभर तांदूळ टाकायचे. ते कोणाच्या घरी जायचे हे दोन बायांनाच ठाऊक. आमच्याही घरी आले होते, हे आईने आम्हांला फार उशिरा सांगितले.

ह्या बायांना मात्र बैठकीत पुढे जागा नव्हती. त्या दारात बसून झील धरत. आमच्या लोकांना एखादे कडवे आठवले नाही तर ते दारातूनच यायचे! ही चूक आपली, ती लिहिलीच पाहिजे.

मैदानात कव्वालीचे मुकाबले होत. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ह्यांना ऐकायला माणसे रात्र रात्र बसत. ते ऐकायचे गाणे होते, आणि तेही पाहिजेच. पण चाळीत आम्ही वर्गणी काढून माईक आणला आणि घोटाळा झाला. माईकवाला गातो, बाकीचे ऐकतात. पुढे भीमजयंतीला डीजे आला. तेव्हा तर आम्हीच पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलो. पोरे नाचली, पण शब्द कोणाच्या तोंडी राहिले नाहीत.

२०२५ ला वरळीत बीडीडीतल्या काही कुटुंबांना टॉवरच्या चाव्या मिळाल्या. चांगले झाले, स्वतःचा संडास मिळाला. गॅलरी मात्र तिथे नाही. म्हणून विहारात वंदनेनंतर अर्धा तास बिनमाईकचे बसावे, असे आम्ही कमिटीला सुचवले आहे. बाया पुढे बसतील. पेटी विहाराची आहेच. ढोलकीचे पान फाटले होते, ते चढवायला दिले आहे. रविवारी आणायला जायचे आहे. कोणी तरुण पोरगा सोबत आला तर बरे होईल.