सभागृहातील शांतता आणि सत्य

राजकीय चर्चेतील सभ्यता लयाला गेली, अशी खंत अमेरिकेत वारंवार व्यक्त होते, आणि ती व्यक्त करताना एखाद्या सुसंस्कृत भूतकाळाचा दाखला दिला जातो. तो भूतकाळ नेमका कोणता, हे पाहू गेले की प्रश्न अवघड होतो.

२६ मे १८३६ रोजी प्रतिनिधिगृहाने एक ठराव संमत केला. गुलामगिरीविषयी कोणताही अर्ज आला तर तो न छापता, चर्चेला न घेता बाजूला ठेवावा, असा तो ठराव होता. जनमानसात पुन्हा शांतता नांदावी, हा त्यामागचा जाहीर हेतू. ही शांतता कोणाच्या मौनावर उभी राहणार होती, हे वेगळे सांगायला नको. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स तेव्हा त्याच सभागृहाचे सदस्य होते. ते अर्जांमागून अर्ज आणत राहिले. १८३७ मध्ये गुलामांच्या नावे आलेला अर्ज स्वीकारता येईल काय, असे त्यांनी नुसते विचारले आणि सभागृहात हलकल्लोळ माजला. त्यांच्या निषेधाचा प्रयत्न झाला. अखेर ३ डिसेंबर १८४४ रोजी त्यांच्याच प्रस्तावावरून हा निर्बंध उठला.

म्हणून कठोर शब्द नेहमी निर्दोष असतो, असेही नाही. मे १८५६ मध्ये सिनेटर चार्ल्स समनर यांनी कॅन्ससच्या प्रश्नावर भाषण केले. त्यांची बाजू न्याय्य होती. परंतु गैरहजर असलेल्या अँड्र्यू बटलर यांच्या बोलण्यातील दोषाचीही त्यांनी टवाळी केली. २२ मे रोजी बटलर यांचे आप्त प्रेस्टन ब्रुक्स यांनी समनर यांना सिनेटमध्येच काठीने बेदम मारले. टवाळी आणि काठी यांना एका तागडीत तोलता येणार नाही. मात्र टवाळीने युक्तिवादाला बळ दिले नाही, एवढे खरे.

१८५८ मधील लिंकन-डग्लस यांचे सात वाद याहून वेगळे. पहिल्याला एक तास, दुसऱ्याला दीड तास, पुन्हा पहिल्याला अर्धा तास, असा नेम. तेथेही सारे उदात्त नव्हते. चार्ल्सटनच्या सभेत खुद्द लिंकन यांनी कृष्णवर्णीयांच्या सामाजिक व राजकीय समतेला आपण अनुकूल नसल्याचे सांगितले. पण लघुलेखकांनी टिपलेली ही भाषणे वृत्तपत्रांत छापली गेली. म्हणूनच त्या वाक्याचा जाब आजही विचारता येतो.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पुढे खुद्द फुल्यांच्या भाषेवर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून कडक टीका केली. भाषेतील दोष काढणे सोपे होते. पुस्तकाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे कठीण होते.

सभ्यतेची कसोटी आवाजाच्या पट्टीत नाही. ज्याच्याविषयी वाद चालला आहे त्याला बोलू दिले जाते काय, आणि बोललेल्या शब्दाची जबाबदारी कोणी घेते काय, यात ती आहे.