हिंगोलीची छावणी : 1819 ते 1903

1999 पर्यंत हिंगोली आमच्याच परभणी जिल्ह्यात होती, तेव्हा पाथरीच्या माणसाने तिच्या छावणीबद्दल लिहिलं तर कुणाला खटकू नये. फौज जाऊन सव्वाशे वर्षं होत आली. पत्ता मात्र आजही पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार असाच सांगितला जातो. पायदळ कुठे, घोडी कुठे, तोफा कुठे आणि म्हातारे शिपाई कुठे राहिले, ते रिक्षात बसल्या बसल्या कळतं.

या फौजेचं नाव हैदराबाद कंटिन्जंट. पैसा निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. रेसिडेंट हेन्री रसेलच्या ब्रिगेडमधून ती वाढली. जानेवारी 1819 मध्ये मेजर पिटमनने हटकर नाईक नोवसाजींच्या नोव्ह्याच्या किल्ल्याला वेढा घालून तो घेतला. 'नोव्हा' हा रणसन्मान पुढे रसेलच्या पलटणींनी अभिमानाने मिरवला. पाडाव झाला होता इथल्याच नाइकांचा. त्याच वर्षापासून हिंगोलीला छावणी. 1833 च्या सुमारास ठगांच्या बंदोबस्ताची सुरुवात ज्या ठाण्यांतून झाली, त्यांत हिंगोली होती.

पण खरी गोष्ट पगाराची. तो भागवायला निजामाचा दिवाण चंदुलालने विल्यम पामरच्या पेढीकडून जबर व्याजाने कर्ज काढलं. पेढी बुडाली, देणं राहिलं, आणि आता सावकार झालं खुद्द कंपनी सरकार. 1853 च्या तहात 5000 पायदळ, 2000 घोडेस्वार आणि तोफखान्याच्या 4 बॅटऱ्या एवढी फौज ठरली. तिच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाने सोडले. धाराशिव आणि रायचूर 1860 मध्ये परत आले. वऱ्हाड गेलं ते गेलंच. दाराशी उभ्या केलेल्या पहारेकऱ्याच्या पगारात शेत जावं, तसला हा व्यवहार!

1857 मध्ये मोमिनाबादहून, म्हणजे अंबाजोगाईहून, औरंगाबादला आलेला रिसाला बिघडला. पुण्याकडून जनरल वुडबर्न धावला आणि बंड चिरडलं. याच कंटिन्जंटच्या दुसऱ्या तुकड्या इंग्रज सेनानी ह्यू रोजबरोबर झाशीवर चालून गेल्या.

छावणी उठली ती मात्र एका कागदाने. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार झाला : वर्षाला 25 लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे, आणि कंटिन्जंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन. 1903 मध्ये सरसेनापती किचनेरने पलटणींना नवे क्रमांक दिले आणि हिंगोलीतला मुक्काम हलला.

माणसं पुढे कुठे कुठे गेली! घोडदळातून निघालेला डेक्कन हॉर्स 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत भाले घेऊन दौडला. पायदळाचं 1922 मध्ये 19 वी हैदराबाद रेजिमेंट झालं, 1945 मध्ये कुमाऊँ रेजिमेंट. अचलपूरच्या नवाब सलाबतखानाच्या फौजेपर्यंत मूळ पोचणारी 4 कुमाऊँ यातलीच. 3 नोव्हेंबर 1947 रोजी बडगामला पडलेले, पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा याच पलटणीचे.