शकाची गणना, चंद्राचे मास

पंचांगावर अथवा लग्नपत्रिकेवर छापलेला ‘शके’ हा शब्द आपण सहसा लक्ष न देताच वाचतो. परंतु हाच शक सागरापलीकडे, जावा बेटावर, मुसलमानांच्या थडग्यांवर कोरलेला आढळतो, असे सांगितल्यास वाचकांना नवल वाटेल.

जावाची धर्मपरंपरा प्राचीन आहे. राजा संजयाने शिवलिंगाची स्थापना केल्याची नोंद इ. स. ७३२ च्या शिलालेखात सापडते. इ. स. ७७८ चा कालासान येथील लेख बौद्धांच्या तारादेवीच्या मंदिराविषयी बोलतो. पुढे त्याच मध्य जावात बौद्धांचा बोरोबुदुर स्तूप व शैवांचे प्रांबानान मंदिर उभे राहिले. इ. स. १२९३ मध्ये पूर्व जावात माजापाहित राज्याची स्थापना झाली. तिथल्या दरबारात शैव आणि बौद्ध अशा दोन्ही पंथांसाठी स्वतंत्र धर्माध्यक्ष असत. शिव आणि बुद्ध तत्त्वतः भिन्न नाहीत, असे प्रतिपादन तांतुलार या कवीने ‘सुतसोम’ काव्यात केले. आजच्या इंडोनेशियाचे राष्ट्रीय बोधवाक्य याच काव्यातून घेतलेले आहे.

हायाम वुरुक हा माजापाहितचा सर्वांत वैभवशाली राजा. त्याच्या कारकिर्दीत, राजधानीजवळच्या त्रालाया येथे, मुसलमानांचे दफन होत होते. तेथील सर्वांत जुन्या थडग्यांपैकी एकावर शके १२९८, म्हणजे इ. स. १३७६, हे वर्ष आहे. शिळेच्या एका बाजूस अरबी धर्मवचन, तर दुसरीकडे जावाच्या प्राचीन अंकांत शकाचा आकडा! काही शिळांवर माजापाहितचे सूर्यचिन्हही आहे. परदेशी व्यापाऱ्याला शकाचे काय अगत्य? म्हणूनच हे मृत राजदरबाराशी संबंधित जावानीज असावेत, असा विद्वानांचा तर्क आहे. त्यांनी धर्म बदलला होता. पण ते आपल्या मातीला परके झाले नव्हते.

याचा अर्थ सारे स्थित्यंतर शांततेत झाले, असा नव्हे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात देमाकच्या मुसलमान सत्तेने माजापाहितचा उरलासुरला अंमल युद्धाने संपविला. तथापि, राज्य जिंकणे वेगळे आणि लोकांचे मन जिंकणे वेगळे. इ. स. १५४९ मध्ये ज्या नगरात मशीद उभी राहिली, त्या कुदुस नगराचे नाव यरुशलेमच्या अरबी नावावरून आले. मात्र तेथील विटांचा मनोरा जुन्या जावानीज देवळासारखा दिसतो. हिंदू शेजाऱ्यांच्या भावना दुखावू नयेत, म्हणून तेथील संताने गोहत्या वर्ज्य केली, अशी परंपरा सांगतात. आजही तेथे गाईऐवजी म्हशीचे मांस खाण्याची रीत आहे.

या कथेचा कळस इ. स. १६३३ मध्ये दिसतो. मातारामचा सुलतान आगुंग याने इस्लामी चांद्रमास स्वीकारले. परंतु वर्षांचा आकडा पुन्हा एकापासून सुरू न करता शके १५५५ पासून तसाच पुढे चालू ठेवला. नमाज पढणाऱ्या या राजाला पूर्वजांची वर्षे पुसून टाकावीशी वाटली नाहीत.

श्रद्धा बदलणाऱ्याने आपल्या आजोबा-पणजोबांचे काय करावे, हा प्रश्न जगात अनेकांपुढे उभा राहिला आहे. जावाने त्याचे उत्तर ग्रंथात लिहिले नाही. थडग्याच्या शिळेवर आणि दिनदर्शिकेत लिहिले. पुढच्या वेळी ‘शके’ हा शब्द वाचताना क्षणभर थांबावे, एवढेच सुचवावेसे वाटते.