पीयूसीला न दिसणारा जेट

संशोधनाची तयारी करताय? मग एक सवय आत्तापासून लावून घ्या. प्रदूषणाचा आकडा दिसला की आधी विचारा, हा मोजला कसा? उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ : सातारा-सांगलीच्या रस्त्यांवरची दुचाकी, तिच्या धुरावरचे नियम आणि गॅरेजमध्ये बदलले जाणारे तिचे पार्ट.

1975 मध्ये बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून 'महाराष्ट्र स्कूटर्स' ही कंपनी काढली. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात 'प्रिया' स्कूटर बनायची. 150 सीसी, टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक इंजिनात ताजं मिश्रण आत येत असतं तेव्हा धूर बाहेर जायचं दारही उघडंच असतं. त्यामुळे थोडं पेट्रोल न जळताच निघून जातं. धुरातले हायड्रोकार्बन मुख्यतः हेच.

पळून जाणारं हे मिश्रण परत आत ढकलायचं तंत्र 1950 च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी विकसित केलं. सायलेन्सरचा पाइप ठरावीक आकारात फुगवून पुन्हा निमुळता केला की दाबाची लाट उलटी फिरते आणि मिश्रण परत ढकलते. यालाच एक्सपान्शन चेंबर म्हणतात. 1961 मध्ये त्यांचा रेसर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान सुझुकीकडे गेलं. पुढे 1985 मध्ये भारतात यामाहा आरएक्स 100 आली. 98 सीसीत 11 हॉर्सपॉवर! टू-स्ट्रोक 'ट्यून' करणाऱ्यांची ती आजही लाडकी आहे.

आता प्रश्न : असा चेंबर बसवला तर प्रदूषण वाढतं की घटतं? चेंबर एका ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच नीट काम करतो. त्या पट्ट्यात वाया जाणारं पेट्रोल कमी होऊ शकतं, पट्ट्याबाहेर वाढू शकतं. म्हणजे उत्तर तुम्ही कुठल्या आरपीएमला मोजलं यावर ठरतं.

नियमांचंही तसंच. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा होती 4.5 टक्के. 1996 च्या मानकांतही 4.5 च दिसतो, पण तो प्रति किलोमीटर ग्रॅममध्ये! आकडा एकच, मोजमाप पूर्ण वेगळं. ही ग्रॅमची मर्यादा 2000 मध्ये 2 वर आली, 2005 मध्ये 1.5 वर आणि 2010 मध्ये 1 वर. दरम्यान 1996 मध्ये आरएक्स 100 बंद झाली आणि 2006 मध्ये साताऱ्यातलं स्कूटर उत्पादन थांबलं. लगेच 'नियमांनी टू-स्ट्रोक संपवली' असं लिहू नका. गिऱ्हाईक तेव्हा जास्त मायलेजच्या फोर-स्ट्रोक मोटरसायकलकडे वळलेलं होतं. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही.

ग्रॅमची चाचणी होते पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत. कंपनीने दिलेली गाडी रोलरवर ठरलेल्या वेगांनी पळवतात. रस्त्यावरच्या गाडीच्या वाट्याला येतं ते फक्त पीयूसी : गाडी उभी, इंजिन आयडलिंगला, सायलेन्सरमध्ये नळी. आता कार्ब्युरेटर आठवा. आयडलिंगला पेट्रोल पायलट जेटमधून येतं, मेन जेटचा प्रभाव थ्रॉटल बराच उघडल्यावर सुरू होतो. कुणी पॉवरसाठी मोठा मेन जेट टाकला, तर गाडी घाटात जास्त पेट्रोल ओतेल, पण पीयूसी पास होऊन जाईल.

कायदा गप्प नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल रोखतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पण व्यवहारात पकडला जातो तो कर्कश सायलेन्सर, कारण तो ऐकू येतो. जेटला आवाज नसतो. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर जेटची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली आणि स्क्रू ड्रायव्हरची जागा लॅपटॉपने. ईसीयूतला बदल फक्त वरच्या आरपीएमपुरता असेल, तर आयडलिंगची चाचणी त्यालाही पकडणार नाही.

उद्या तुम्ही एमएच-10 आणि एमएच-11 च्या गाड्यांची पीयूसीची नोंद घेऊन 'मॉडिफाय केलेल्या गाड्यांत फरक आढळला नाही' असं लिहिलंत, तर आकडे खरे असूनही निष्कर्ष खोटा ठरू शकतो. उद्या त्याच निष्कर्षावर कुणी धोरण आखेल आणि धूर मात्र रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या छातीत जाईल. म्हणून प्रबंधाच्या तक्त्यात आकड्याशेजारी आणखी एक रकाना ठेवा : चाचणी कोणती, आणि तेव्हा इंजिन काय करत होतं?