अनुच्चारित शीर्षक

‘द हू’ या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाच्या पन्नाशीनिमित्त लंडनच्या हाइड पार्कमध्ये २६ जून २०१५ रोजी खुल्या मैदानावर मैफल झाली. तिचे मुद्रण त्याच वर्षी प्रकाशित झाले. गीतकार-गिटारवादक पीट टाउनशेंड तेव्हा सत्तर वर्षांचे होते. मुद्रणाच्या अखेरच्या टप्प्यात ‘बाबा ओ’रायली’ (१९७१) हे गीत येते. त्यातील ‘बाबा’ म्हणजे नगरजवळच्या अरणगावचे मेहेरबाबा, तर ‘रायली’ म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. गीताच्या शब्दांत मात्र हे शीर्षक एकदाही येत नाही.

मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मेहेराबादेत मौन स्वीकारले आणि ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवीपर्यंत ते पाळले. टाउनशेंडना त्यांची भेट कधीच घडली नाही. १९७२मध्ये ते आले ते समाधीपाशी. कर्णकर्कशतेसाठी ख्यातनाम असलेल्या वाद्यवृंदाने मौनी पुरुषाचे नाव घ्यावे, यात केवळ विरोधाभासाची गंमत पाहणे मला उथळपणाचे वाटते. बाबांचे चरित्र-तपशील सिंथेसायझरला पुरवून त्यांतून स्वरावली मिळवावी, अशी टाउनशेंडची मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात आरंभीचे ते आवर्तनशील चलन त्यांनी लॉरी ऑर्गनवर वाजवले. पुढे मैफलींतूनही ते मुद्रित रूपातच ऐकवण्याचा प्रघात पडला. म्हणजे ज्याला आपण ‘प्रत्यक्ष’ मैफलीचे मुद्रण म्हणतो, त्याच्या पोटात आधीचेच एक मुद्रण आहे.

ड्रमवादक कीथ मून १९७८ साली गेले, बासवादक जॉन एंटविसल २००२ साली. वय झाले नाही ते त्या चलनाचे. हाइड पार्कमधले हजारो श्रोते त्यावर ताल धरतात, मोठ्याने गातात; ‘बाबा’ हा शब्द त्या गाण्यात कोणाच्याच तोंडी येत नाही.