मालट्रकचा क्लच : कारखान्यातून अंगणापर्यंत

इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे पोचवायचा आणि गिअर बदलताना तेवढ्यापुरता तोडायचा, हे मालट्रकमधल्या क्लचचे काम. ते घर्षणावर चालते, म्हणून क्लच प्लेट झिजणार हे तिच्या रचनेतच ठरलेले असते. जुन्या ट्रकमध्ये ती बदलण्याचे काम महाराष्ट्रात रस्त्याकडेच्या गॅरेजांत होत आले, तसेच मालकाच्या दारातही. ते दारात होऊ शकले याला त्या क्लचची बांधणी जितकी कारण, तितकाच ट्रक धंद्याचा इतिहासही कारण आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक गाड्यांत शंकूच्या आकाराचा, चामड्याचे अस्तर लावलेला क्लच असे. चामडे सुकले की गाडी झटका देऊन निघे, तेलकट झाले की क्लच सरके. हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये इंग्लंडात ‘फेरोडो’ हा घर्षण-अस्तरांचा व्यवसाय सुरू केला. पुढे अॅस्बेस्टॉस मिसळलेली, उष्णता सोसणारी लायनिंग आली आणि एकाच कोरड्या प्लेटचा क्लच व्यवहारात टिकला. फ्लायव्हील आणि स्प्रिंगांनी दाबलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लायनिंग असलेली क्लच प्लेट, ही रचना तेव्हापासून कायम आहे.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्या जोडण्याचा कारखाना उघडला आणि शेवरोले लॉऱ्या वाढल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या लॉऱ्याही मालवाहतुकीत आल्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघू लागले. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या, नुसत्या जोडणी करणाऱ्या कंपन्यांनी काम थांबवावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथील जोडणी बंद केली.

कंपन्या गेल्या तरी त्यांच्या लॉऱ्या रस्त्यावर राहिल्या. नवी प्लेट मिळणे अवघड झाले, तेव्हा जुनीच प्लेट पुन्हा उभी करण्याला मोल आले. झिजलेल्या लायनिंगचे रिव्हेट छिन्नीने उडवायचे, नवी लायनिंग भोकांशी जुळवून बसवायची आणि तांब्या-पितळेच्या रिव्हेटांनी ठोकायची. रिव्हेटचे डोके पृष्ठभागाच्या आत बसले पाहिजे, वर राहिले तर ते फ्लायव्हीलवर चर पाडते. टंचाईतून आलेले हे कसब पुढे टंचाई सरल्यावरही टिकले.

१९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. करार १९६९ मध्ये संपला, तरी ट्रकची मूळ घडण फारशी बदलली नाही. वर्षानुवर्षे तीच घडण चालल्याने सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळू लागले आणि एका ट्रकवर हात बसलेल्या मिस्त्रीला दुसरा ट्रक अनोळखी वाटेना. घरगुती दुरुस्तीला खरा आधार मिळाला तो या सारखेपणाचा. एकाच ट्रकवर घर चालवणाऱ्या मालकाला गाडी उभी राहण्याचा प्रत्येक दिवस महाग पडे. म्हणून तो ड्रायव्हर-क्लीनरला हाताशी घेऊन दारातच गिअरबॉक्स उतरवी.

क्लच लवकर जाण्याला घाटही कारण होते. बोरघाटात किंवा कसारा घाटात भरलेली गाडी चढावर थांबली की ‘हाफ क्लच’वर धरून ठेवण्याची सवय प्लेट जाळून टाकी. गिअरांचा वेग जुळवणारी सिंक्रोमेश यंत्रणा नसलेल्या गिअरबॉक्सला प्रत्येक बदलात दोनदा क्लच दाबावा लागे, त्याचा ताण पेडलने ढकलल्या जाणाऱ्या रिलीज बेअरिंगवर येई.

दारातल्या कामाची सुरुवात चाकांना लाकडी ठोकळे लावण्यापासून होते. बॅटरीची वायर काढून प्रॉपेलर शाफ्ट सोडतात, क्लचचा दांडा मोकळा करतात आणि गिअरबॉक्सला जॅकचा किंवा चेनपुलीचा आधार देतात. तो सरळ मागे यावा लागतो. त्याचा भार क्लच शाफ्टवर लोंबकळला तर प्लेटचा हब वाकतो, आणि नवी प्लेट चढवतानाही हाच धोका असतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करून ढिले करतात, नाहीतर स्प्रिंगांच्या जोराने कव्हर वाकते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर ते लेथवर घासून घ्यावे लागते, आणि तेवढ्यापुरते काम अंगणातून वर्कशॉपमध्ये जाते.

नवी प्लेट बरोबर मध्यावर बसवण्यासाठी जुन्या गिअरबॉक्सचा क्लच शाफ्ट वापरण्याची रीत पक्की झाली. तो प्लेटमधून फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगमध्ये घालून कव्हर आवळले की गिअरबॉक्स अडत नाही. कॉइल स्प्रिंगच्या कव्हरमधल्या रिलीज लिव्हरांची उंची सारखी करणे हे यातले सर्वांत नाजूक काम. एक लिव्हर खाली राहिला तरी क्लच थरथरतो. शेवटी पेडलला थोडा मोकळा खेळ ठेवतात. खेळ नसेल तर बेअरिंग सतत घासत राहते आणि प्लेट पुरती दाबली जात नाही.

या कामाची एक बाजू फार काळ दुर्लक्षित राहिली. क्लचभोवतीच्या कवचात, म्हणजे बेल हाउसिंगमध्ये, साचलेली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवली जाई, आणि जुन्या लायनिंगच्या त्या धुळीत अॅस्बेस्टॉस असे. त्याच्या तंतूंनी फुप्फुसाचे आजार आणि कर्करोग होतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याबाबत निर्देश दिले, पण अंगणात काम करणारा क्लीनर कुठल्याच नोंदवहीत नव्हता. ओल्या फडक्याने धूळ पुसून घेणे एवढा साधा उपायसुद्धा त्याला कोणी सांगितला नाही.

पुढे कॉइल स्प्रिंगांऐवजी डायफ्राम स्प्रिंगचे कव्हर आले. त्यात लिव्हरांची उंची लावण्याचे काम उरले नाही. प्लेट, कव्हर आणि बेअरिंग एकत्र संच म्हणून विकले जाऊ लागले, तेव्हा रिव्हेट ठोकणाऱ्या कारागिराचे गिऱ्हाईकही आटले. अॅस्बेस्टॉसविरहित लायनिंगने धुळीचा धोका कमी केला. अलीकडच्या काही ट्रकांत गिअर आपोआप बदलणारा गिअरबॉक्स असून क्लचचे पेडलच नसते. त्यांची दुरुस्ती संगणक जोडल्याशिवाय पुरी होत नाही.